औषध की मद्य? एका मुळीची आणि एका व्याख्येची कथा

१/ १९५० च्या दशकात तेरेखोल नदीच्या दक्षिणेस, पोर्तुगीज अमलाखालील पेडण्यात, फेणीत भिजवलेल्या मुळीची बाटली घरगुती औषध म्हणून फडताळात असे. तीच बाटली नदी ओलांडून मुंबई राज्यात आली, की गुन्ह्याचा पुरावा ठरे. औषध आणि मद्य यांतील सीमा कोणी व कशी आखली, त्याचा हा इतिहास.

२/ गोव्यात या पेयाला दुकशिरी फेणी म्हणतात. दुकशिरी म्हणजे अनंतमूळ, अर्थात उपळसरी. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवला जातो, मग भट्टीवरील भाणात उकळला जातो. पहिल्या धारेचा हुर्राक सौम्य असतो. तो पुन्हा भट्टीतून काढला, की फेणी होते. तिच्यात मुळ्या मुरवल्या, की रंग तांबूस होतो आणि गंध पालटतो.

३/ फेणीच का, पाणी का नव्हे? मुळ्या आणि मसाल्यांतील सुगंधी तेले व राळ पाण्यात फारशी विरघळत नाहीत; मद्यार्कात सहज विरघळतात आणि टिकतात. युरोपीय औषधशास्त्रातील ‘टिंक्चर’ याच तत्त्वावर उभे आहे. हा शब्द ‘रंगवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. सुंठ, वेलदोडा, दालचिनी यांची टिंक्चरे ब्रिटिश औषधकोशात अधिकृत होती.

४/ आयुर्वेदाची वाट थोडी निराळी. आसव-अरिष्टांत मद्यार्क बाहेरून घालत नाहीत. गूळ, वनौषधी आणि धायटीची फुले यांच्या किण्वनातून तो आपोआप निर्माण होतो. चरकसंहितेत ८४ आसवांची गणना आहे. मृतसंजीवनी सुरा मात्र किण्वनानंतर ऊर्ध्वपातन करूनच सिद्ध होते. म्हणजे औषध आणि मद्य एकाच भांड्यात नांदत होते.

५/ इंग्रजी राजवटीला चिंता महसुलाची होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण घट्ट केले. घरोघरी मोहाची दारू गाळली जाई, म्हणून १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. पिढ्यान्‌पिढ्यांचे घरगुती कसब चोरीचा धंदा ठरले.

६/ स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. महसुलाची जागा नीतीने घेतली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याची व्याख्या इतकी व्यापक केली, की मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव तिच्यात आला. खोकल्याचे औषध, टिंक्चर, आसव, अत्तरी पाणी, सारेच. वास्तविक राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये औषधी वापराचा अपवाद स्पष्ट लिहिलेला होता.

७/ मुंबईचे नागरिक फ्राम नसरवानजी बलसारा न्यायालयात गेले. व्हिस्की-ब्रँडीबरोबरच औषधी वाइन, ओ-द-कोलोन आणि मद्यार्कयुक्त औषधे बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

८/ २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. पिण्याच्या मद्यावरील बंदी न्यायालयाने उचलून धरली. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावर, विकण्यावर आणि वापरण्यावर सरसकट बंदी घालणे हा मालमत्तेच्या मूलभूत हक्कावरील अवाजवी निर्बंध ठरवला. कायदा संपूर्ण कोसळला नाही, पण व्याख्येचा अतिरेक उघडा पडला.

९/ मग नवी कसोटी आली: एखादी सिद्धता ‘मद्य म्हणून पिण्यास अयोग्य’ आहे काय? पुढे १९५५ च्या केंद्रीय कायद्याने मद्यार्कयुक्त औषधांवरील उत्पादन शुल्काची चौकट घातली. तीत स्वयंनिर्मित मद्यार्काच्या औषधांतही सामान्य मद्यासारखी पिता येणारी आणि न येणारी असा भेद केला. घटक काय, यापेक्षा माणूस त्याचे काय करील, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

१०/ १९६१ मध्ये गोवा भारतात आला, पण मुंबईची दारूबंदी तेथे गेली नाही. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. कोकणातील ज्या काठावर ती जप्तीचा माल होती, त्याच्या पलीकडच्या काठावर ती आज वारसा आहे. मुळी तीच, मद्यार्कही तोच; बदलत गेली ती राज्यकर्त्यांची व्याख्या. म्हणून जुना कायदा वाचताना शिक्षेच्या कलमाआधी व्याख्येचे कलम वाचावे. कोणाचे कसब गुन्हा ठरणार, हे बहुधा तेथेच ठरलेले असते.