'अनलिमिटेड'ची मर्यादा कोण ठरवते?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून ब्रॉडबँड घेतले. पावतीवर 'अनलिमिटेड' असे लिहिले होते. महिन्याच्या बारा-तेरा तारखेलाच व्हिडिओ अडकू लागले आणि स्पर्धा परीक्षेची पोरे पुन्हा आपापल्या मोबाइलकडे वळली. तक्रार केली तर उत्तर मिळाले, "तुमची एफयूपी संपली." एफयूपी म्हणजे फेअर युसेज पॉलिसी, न्याय्य वापराचे धोरण. पैसे आमचे, वापर आमचा आणि न्याय्य काय ते ठरवणार कंपनी! या मर्यादेचा इतिहास तपासायला आम्ही तेव्हा बसलो.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. तेव्हा ते तासांच्या हिशेबाने विकले जाई. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले, पण घरात येणारी तांब्याची तार बहुतांशी सरकारी टेलिफोनचीच राहिली. खरी गोम इथे आहे. ही तार इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2004 मध्ये केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्ती नाकारली. तार एकाची, म्हणून अटीही एकाच्याच.

2005 च्या सुरुवातीला बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. वेग 256 केबीपीएस, मर्यादा एमबीत मोजलेली, ती ओलांडली की पुढच्या प्रत्येक एमबीला पैसे. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करणारी एक पिढीच त्यातून तयार झाली. पण आमच्या मते त्या रात्रीच्या सवलतीत एक प्रामाणिकपणा होता. गर्दी ठरावीक वेळी होते, हे तिने मान्य केले होते. पुढे आलेली एफयूपी मात्र पहाटे तीनला वापरलेला जीबी आणि रात्री नऊला वापरलेला जीबी एकाच मापाने मोजते. मग 'काही लोक जास्त वापरतात म्हणून इतरांना वेग मिळत नाही' हा कंपन्यांचा युक्तिवाद उरतो कुठे? रात्रभर मोकळ्या पडलेल्या तारेवर निर्बंध लावून संध्याकाळची गर्दी कमी होत नाही. जास्त पैशांचा प्लॅन मात्र खपतो.

31 ऑक्टोबर 2016 रोजी ट्रायने आदेश काढला की मर्यादा संपल्यावरही तारेच्या ब्रॉडबँडचा वेग 512 केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. हा आकडा काही मोठा नाही. पण त्या पातळीखाली उतरायची मुभा नियमाने बंद केली, बाजाराने नव्हे.

बाजाराने काय केले, तेही त्याच वर्षी दिसले. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आली, आधी मोफत, मग रोज एक जीबी. त्याआधी महिनाभराच्या एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणारे आपण हरखून गेलो, आणि हरखण्यासारखे होतेही. स्पर्धेने दर पाडले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण मर्यादा गेली नाही. महिन्याची होती, ती दिवसाची झाली. रात्री बाराला उरलेला डेटा बुडतो. दरम्यान, एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, टाटाचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खासगी कंपन्या तीनच उरल्या आणि डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021, जुलै 2024 असे तिघींनीही जवळपास एकाच वेळी दर वाढवले. 2020 च्या टाळेबंदीत एका मोबाइलवर दोन भावंडांची शाळा चालली, तेव्हा तो रोजचा कोटा दुपारपर्यंतही पुरत नव्हता, हे आम्ही घराघरांत पाहिले.

अभ्यासिकेचे काय झाले? दोन वर्षांनी आमच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीची वायर आली. त्याच आठवड्यात पहिल्या कंपनीचा माणूस आपणहून आला आणि त्याच पैशांत मर्यादा दुपटीहून जास्त वाढवून गेला. तार तीच, खांब तोच, पेटीही तीच. नाल्यापलीकडच्या गल्लीत आजही एकच वायर जाते आणि तिथल्या पोरांचा वेग महिन्याच्या मध्याला अजूनही पडतो.