लिओ निकोल्स नावाचा संगीतकार

'नावाहो जो' या १९६६ सालच्या इटालियन चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून लिओ निकोल्स हे नाव येते. या नावाचा संगीतकार कधी जन्मालाच आला नाही. नावाआड होता रोमचा एन्निओ मोरिकोने. इटलीत बनलेले वेस्टर्न अमेरिकन वाटावेत म्हणून इंग्रजी नावे घेण्याची तेव्हा रीतच होती. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'साठी (१९६४) सर्जिओ लिओने बॉब रॉबर्टसन झाला होता आणि मोरिकोने डॅन सॅव्हिओ.

चित्रपट फसलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुची. ज्याचा 'जँगो' त्याच वर्षी गाजला, तोच. नायक बर्ट रेनल्ड्स. आपल्याला बोलावणारा सर्जिओ म्हणजे लिओनेच, अशा समजुतीने तो स्पेनला गेला म्हणे. पुढे तो स्वतःच या चित्रपटाची टिंगल करी: हा फक्त तुरुंगात आणि विमानात दाखवावा, प्रेक्षकांना उठून जाता येत नाही.

आणि विषय मात्र केवढा मोठा होता! मूळ इटालियन नावाचा अर्थ 'डोक्यामागे एक डॉलर'. डंकनची टोळी इंडियनांना मारून त्यांच्या टाळूची केसांसकट कातडी विकते. ही पटकथाकाराची कल्पना नव्हे. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांताने १८३५ मध्ये आणि चिवावाने १८३७ मध्ये अपाचींच्या टाळूंवर सरकारी इनामे लावली होती. चिवावाच्या दरपत्रकात पुरुष, बाई आणि मूल यांचे भाव वेगळे होते. नावाहोंच्या वाट्याला वेगळे दुर्दैव आले. किट कार्सनने त्यांची पिके आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या, आणि १८६४ मध्ये हजारो माणसांना सुमारे तीनशे मैल चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेले गेले. १८६८ च्या करारानंतरच ते आपल्या भूमीत परतले.

यातले चित्रपटात काय उतरले? जवळजवळ एकच प्रसंग. शेरीफ जोला सांगतो, इथे शेरीफ व्हायला अमेरिकन असावे लागते. जो त्याला विचारतो, तुझा बाप कुठे जन्मला? स्कॉटलंडात. माझा इथेच, जो म्हणतो. बाकी सगळा आगगाडी, पैसा आणि गोळीबाराचा ठरीव मामला.

मी मात्र हे संगीत आधी ऐकले आणि चित्रपट पुष्कळ नंतर पाहिला. सुरुवातीलाच एक किंकाळी येते, ढोल येतात, मग समूहस्वर नायकाचे नाव पुन्हापुन्हा घेऊ लागतो, आणि खाली इलेक्ट्रिक गिटार. हे नावाहोंचे संगीत नव्हे. त्यांच्या गायनाशी याचा संबंध जोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोमच्या एका माणसाने कल्पिलेला हा आक्रोश आहे. पण आक्रोश आहे! पहिल्याच दृश्यात ओढ्याकाठी एका बाईला मारून तिची टाळू सोलतात आणि कॅमेरा लगेच पुढच्या घोडदौडीकडे धावतो. मेलेल्या बाईपाशी थांबते ते संगीतच. कोर्बुचीला सूड दाखवायचा होता, मोरिकोनेने सुतक पाळले, असे मला वाटते. शेवटी पैसे लादलेला घोडा एकटाच गावात येतो. तिथे तीच धून संथ होऊन परतते, आणि दीड तास कोरडा राहिलेला प्रेक्षक (निदान मी तरी) हलतो.

त्याच वर्षी 'द हिल्स रन रेड'वरही लिओ निकोल्स हेच नाव लागले. वर्षअखेरीस 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' आला, आणि त्यावर मोरिकोने आपल्या खऱ्या नावाने झळकला. 'नावाहो जो'चे संगीत उसन्या नावाखालीच राहिले, पण मेले नाही. १९९९ च्या 'इलेक्शन'मध्ये शाळकरी नायिकेच्या संतापावर तीच किंकाळी वाजते. २००४ मध्ये टॅरंटिनोने 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात, बिल मरतो तिथे, शेवटच्या घोड्यामागची ती संथ धून वापरली. त्या चित्रपटगृहातल्या किती जणांनी 'नावाहो जो' पाहिला असेल? माझ्या रांगेत तरी कुणी नसावा. मीही नव्हता पाहिला.