काचपट्टीवर पेशीनमुना तयार करण्याची साधने : बार्शी येथील अनुभवाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

कर्करोगाच्या निदानात सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व सर्वमान्य आहे. त्या मानाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली जाणारी काचपट्टी, म्हणजेच स्लाईड, कशी तयार होते याचा विचार कमी झालेला आढळतो. पेशी शरीरातून कशाने काढली, काचेवर कशी पसरली, ती सुकण्यापूर्वी टिकवली गेली की नाही, या गोष्टी तज्ज्ञाने नळीला डोळा लावण्यापूर्वीच घडून गेलेल्या असतात. काचपट्टीवर जी पेशी आलीच नाही ती कितीही निष्णात तज्ज्ञाला दिसणे शक्य नाही.

प्रस्तुत लेखात पेशीनमुना तयार करण्याच्या साधनांचा विसाव्या शतकातील विकास थोडक्यात मांडला असून, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथून पार पडलेल्या एका मोठ्या क्षेत्रीय चाचणीच्या आधारे त्या विकासाचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची मर्यादा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीपुरती आहे. कारण ही साधने मुख्यतः याच तपासणीच्या गरजेतून घडली.

२. हाताने केलेले लेपन

इ. स. १९२७ मध्ये रुमानियातील ऑरेल बाबेश यांनी प्लॅटिनमच्या तारेच्या फासाने गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन त्या काचेवर पसरण्याची पद्धत मांडली. जानेवारी १९२८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज पापानिकोलाउ यांनी योनिस्रावातील कर्कपेशींविषयीचे आपले निरीक्षण स्वतंत्रपणे जाहीर केले. त्यांचे साधन अगदी साधे होते: रबरी फुगा जोडलेली काचेची नळी. त्यांच्या कामाला मान्यता मिळण्यास मात्र पुढे बराच काळ लागला. हर्बर्ट ट्रॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध १९४१ मध्ये, तर ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅप चाचणी हे नाव रूढ झाले ते त्यांच्यावरूनच.

या पद्धतीचे खरे बळ स्थिरीकरणात होते. बाबेश काचेवरील लेप हवेत सुकू देत असत, तर पापानिकोलाउ तो ओला असतानाच ईथर व अल्कोहोल यांच्या मिश्रणात बुडवीत. लेप हवेत सुकला तर पेशीकेंद्रक पसरट व अस्पष्ट होते आणि त्यातील बारकावे हरवतात. कर्कपेशीची ओळख मुख्यतः केंद्रकाच्या आकारावर व रचनेवर अवलंबून असल्याने काही क्षणांचा विलंबही निदान बिघडवू शकतो. उष्ण व कोरड्या हवेत, पंख्याखाली किंवा उघड्या ओसरीवर नमुना घेताना ही अडचण किती वाढते हे वेगळे सांगावयास नको.

१९४७ मध्ये जे. अर्नेस्ट एअर यांनी खास आकाराची लाकडी पट्टी सुचविली. तिच्या टोकाचा आकार गर्भाशयमुखाला जुळणारा असल्याने साचलेल्या स्रावातील गळालेल्या पेशींऐवजी नेमक्या जागेवरील पेशी खरवडून घेता येऊ लागल्या. पुढे गर्भाशयमुखाच्या आतील नलिकेतील पेशी मिळविण्यासाठी लहान ब्रश वापरात आले. लाकडी पट्टी, काचपट्टी आणि अल्कोहोलची बाटली एवढ्या सामग्रीवर अनेक देशांतील तपासणी कार्यक्रम उभे राहिले. या पद्धतीचे दोष सर्वांना ठाऊक होते. लेप कोठे जाड तर कोठे पातळ होई. रक्त व श्लेष्मा यांखाली पेशी झाकल्या जात. आणि गोळा केलेल्या पेशींपैकी बराच भाग काचेवर न उतरता पट्टीलाच चिकटून टाकून दिला जाई.

३. यंत्राचा प्रवेश

लेपनाचे हे काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. पहिली दिशा पातळ द्रवांची होती. लघवी, मेंदूमज्जाजल, छातीत किंवा पोटात साचलेले पाणी यांत पेशी विरळ असतात. थेंब काचेवर पसरून फारसे काही हाती लागत नाही. १९६६ मध्ये वर्णिलेल्या काचपट्टीच्या सेंट्रिफ्यूजने हा प्रश्न सोडविला. त्यात काचपट्टी उभी बसविली जाते, तिच्यापुढे मध्यभागी भोक असलेला शोषक कागद असतो व त्याला नरसाळ्यासारखी कुपी जोडलेली असते. यंत्र फिरू लागताच पेशी भोकातून काचेवर फेकल्या जातात आणि द्रव कागद शोषून घेतो. परिणामी एका लहान वर्तुळात पेशींचा एकपदरी थर मिळतो. शँडन कंपनीच्या सायटोस्पिन या व्यापारी नावाने हे यंत्र जगभर पोहोचले.

दुसरी दिशा द्रवाधारित पद्धतीची होती. यात ब्रशवरील पेशी काचेवर न पुसता परिरक्षक द्रवाच्या कुपीत धुऊन घेतल्या जातात व पुढील सर्व काम प्रयोगशाळेत होते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने थिनप्रेप या यंत्राला मान्यता दिली. त्यात छिद्रयुक्त पटल असलेली नळी द्रवात फिरते. त्यामुळे श्लेष्मा विखुरतो. मग सौम्य निर्वाताने पेशी पटलावर ओढल्या जातात आणि पटल काचेला टेकवून त्या तेथे उतरविल्या जातात. १९९९ मध्ये मान्यता मिळालेल्या दुसऱ्या यंत्रात, जे पुढे शुअरपाथ या नावाने ओळखले गेले, घनतेच्या फरकावर आधारलेल्या सेंट्रिफ्यूजने रक्त व कचरा वेगळा काढून पेशी गुरुत्वाने काचेवर बसू दिल्या जातात.

या यंत्रांनी काय साधले? इंग्लंडने २००३ नंतर काही वर्षांतच आपला राष्ट्रीय कार्यक्रम द्रवाधारित पद्धतीकडे वळविला. त्यामुळे अवाचनीय काचपट्ट्यांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या खाली आले. पुन्हा बोलवाव्या लागणाऱ्या स्त्रियांची संख्या घटली व वाचकांचा वेळ वाचला. मात्र नेदरलँड्समध्ये जवळपास ९० हजार स्त्रियांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात द्रवाधारित पद्धतीने कर्कपूर्व विकृती अधिक प्रमाणात सापडतात असे आढळले नाही. थोडक्यात, यंत्राने काचपट्टी स्वच्छ केली. चाचणीची पकड मात्र त्याने वाढविली नाही.

४. बार्शी : काचपट्टीची ग्रामीण कसोटी

याच काळात सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर काचपट्टीची एक वेगळीच कसोटी सुरू होती. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीसह परांडा व भूम हे तालुके येत होते. शहरी नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. ग्रामीण भागात अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने येथील कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन लोकांशी बोलावे लागले. या संवादाचा अनपेक्षित लाभही झाला. जाणीव वाढल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. येथे नवे उपकरण आले नव्हते. बदल घडला तो संवादातून.

नोंदणीच्या या पायावर १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात समूह-यादृच्छिक चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. ४९७ गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात मानवी पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षण, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, तर चौथ्यात केवळ प्रचलित सेवा अशी योजना होती. प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच होणार होती.

पेशीपरीक्षणाच्या गटात वापरली गेली ती जुनी हाताने लेपन करण्याचीच पद्धत. नमुने गावपातळीवर प्रशिक्षित परिचारिका घेत आणि ते बार्शीच्या प्रयोगशाळेत तपासले जात. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागेल. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक निष्कर्षांनुसार तीव्र कर्कपूर्व विकृती सापडण्याचे प्रमाण पेशीपरीक्षणात १.० टक्का, विषाणू चाचणीत ०.९ टक्का व डोळ्यांनी केलेल्या पाहणीत ०.७ टक्का होते. म्हणजे ग्रामीण प्रयोगशाळेत हाताने केलेली काचपट्टी इतर दोन पद्धतींच्या तुलनेत कमी ठरली नव्हती. ग्रामीण भागात चांगले पेशीपरीक्षण होऊच शकत नाही, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र वेगळे चित्र दाखवितात. प्रचलित सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, तर विषाणू चाचणीच्या गटात ३४. मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. पेशीपरीक्षणाच्या गटात ५४ व डोळ्यांनी केलेल्या पाहणीच्या गटात ५६ मृत्यू झाले. या दोन्ही गटांतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हती. याचे कारण शोधताना दोषमुक्त ठरविल्या गेलेल्या स्त्रियांकडे पाहावे लागते. विषाणू चाचणीत दोषमुक्त ठरलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे वार्षिक प्रमाण दर लाखी ३.७ होते. पेशीपरीक्षणात ते १५.५, तर डोळ्यांनी केलेल्या पाहणीत १६.० होते. ज्या स्त्रीला ‘तुम्हांला काही नाही’ असे सांगून घरी पाठविले, तिच्या बाबतीत काचपट्टीचे उत्तर तितके विश्वासार्ह नव्हते.

५. विवेचन

वरील दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी ते तसे नाहीत. पेशीपरीक्षण हे मुळातच पुनरावृत्तीवर उभे असलेले तंत्र आहे. एका वेळी निसटलेली विकृती तीन किंवा पाच वर्षांनी पुन्हा केलेल्या तपासणीत सापडते. कर्कपूर्व अवस्था दीर्घकाळ टिकत असल्याने हा उशीर सहसा घातक ठरत नाही. युरोप-अमेरिकेत या चाचणीने मृत्यू घटविले ते एका काचपट्टीच्या अचूकतेने नव्हे, तर एकाच स्त्रीच्या अनेक काचपट्ट्यांमुळे. नोंदवही, आठवणीचे पत्र, पुन्हा येण्याची सोय हे सारे त्या साधनाचेच न दिसणारे भाग होते. ज्या स्त्रीची तपासणी आयुष्यात एकदाच होणार, तिच्यासाठी हे भाग अस्तित्वातच नव्हते.

या दृष्टीने पाहता १९९० नंतरच्या यंत्रांनी सोडविलेला प्रश्न प्रयोगशाळेचा होता: धूसर लेप, वाया गेलेला वेळ, वाचकाचा थकवा. गावातील स्त्रीचा प्रश्न त्याहून वेगळा, म्हणजे एकाच भेटीत भरवशाचे उत्तर मिळण्याचा होता. विषाणू चाचणीत ब्रश तोच, परिचारिका तीच. नमुना मात्र काचेऐवजी नळीत जातो आणि पेशीचे रूप वाचण्याऐवजी विषाणूची जनुकीय खूण शोधली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच प्रकारच्या चाचणीची प्राथमिक तपासणी म्हणून शिफारस केली. स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही त्यात ग्राह्य मानला आहे.

या ज्ञानाची किंमतही नमूद केली पाहिजे. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न देता त्यांच्यातील मृत्यू मोजले गेले, यावर नंतरच्या काळात तीव्र नैतिक आक्षेप घेण्यात आले. त्या काळी या स्त्रियांना अन्यथाही तपासणी मिळत नव्हती, असे त्यावर समर्थन करण्यात आले. हा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून असला तरी त्यातून मूळ प्रश्न मिटत नाही. सेवेचा अभाव हाच तुलनेचा आधार बनू शकतो काय, हा प्रश्न संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे उभा राहतो.

६. समारोप

पापानिकोलाउ यांच्या काचेच्या नळीपासून द्रवाधारित यंत्रापर्यंतचा प्रवास हा काचपट्टी अधिकाधिक निर्दोष करण्याचा प्रवास आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शरीरद्रवांची तपासणी, गाठीतून सुईने काढलेल्या पेशींचे परीक्षण, यांत काचपट्टीला आजही पर्याय नाही आणि तेथे सेंट्रिफ्यूजसारख्या साधनाची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि बार्शीचा अनुभव असे दर्शवितो की साधनाची योग्यता केवळ त्याच्या रचनेत नसते. ते ज्या समाजात वापरले जाते तेथील लोकांना पुन्हा येणे शक्य आहे की नाही, यावरही ती ठरते. आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना काचपट्टीवर लेप पसरण्याचे कौशल्य आपण शिकवितो. हा नमुना कोणाचा, तो किती वाट चालून आला आणि पुन्हा येईल काय, हे विचारण्याची सवय त्या कौशल्याच्या जोडीने लावता आली, तर सोलापूरच्या मातीत घडलेल्या या संशोधनाचा धडा आपण घेतला असे म्हणता येईल.