छत्तीस काचांचा एक आरसा

मार्च 1986, पहाटेचे चार. कर्जतबाहेर भाताच्या मोकळ्या खाचरात तुम्ही उभे आहात. कुठेतरी राब भाजलाय, त्याचा वास येतोय. राजमाचीच्या अंगाला हॅलेचा धूमकेतू पुसटसा दिसतोय आणि मुंबईकर मंडळींपैकी एकाच्या घरगुती दुर्बिणीपुढे रांग लागलीय. सहा इंची आरसा त्याने स्वतः घासलाय: काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगते. "काका, नळीला हात नको हं," तो दटावतो.

मग असाच अवाढव्य, अखंड आरसा का नाही घासायचा? कारण एवढी काच स्वतःच्याच वजनाने वाकते. पालोमार वेधशाळेतला पाच मीटरचा आरसाच साडेचौदा टनांचा आहे.

आता थोडं मागे, बर्कलेला. खगोलशास्त्रज्ञ जेरी नेल्सन 1977 पासून आरशाचे तुकडे करण्याच्या मागे आहेत. अडचण अशी, की मोठ्या आरशाच्या कडेचा तुकडा मधल्यासारखा नसतो. त्याचा वक्र तिरपागडा. यंत्राला मात्र साधा गोलीय वक्रच नीट घासता येतो. नेल्सन आणि जेकब लुब्लिनर यांनी युक्ती काढली: तबकडीच्या कडेला तरफा लावून ती मोजून वाकवायची, गोलीय वक्र घासायचा आणि तरफा सोडायच्या. काच उसळते आणि हवा तो तिरपा वक्र घेते! मात्र षटकोन कापला, की ती पुन्हा किंचित रुसते. मग पाठीला स्प्रिंगा लावून तिची समजूत काढावी लागते.

24 नोव्हेंबर 1990. हवाई बेटावरचं मौना केआ, उंची चार हजार मीटरच्या वर. चालताना दम लागतो. नेल्सन यांच्याच रचनेच्या केक दुर्बिणीत 36पैकी नऊच षटकोन बसलेत, तरी दीर्घिकेचं चित्र उमटतं. वाकून बघा: दोन काचांमध्ये जेमतेम तीन मिलिमीटरची फट आणि कडेला संवेदक. पूर्ण आरशात असे 168 लागणार. शेजारची काच किती वर-खाली झाली ते संवेदक सांगणार आणि 108 दट्टे सेकंदाला दोनदा काचा जुळवणार. माझ्या मते खरी करामत ही आहे, घासकाम नव्हे.

परतताना भारतात उतरा. खालापूरचा टोल भरा, घाट चढा, पुणे गाठा. इथली खगोलशास्त्र संस्था 'आयुका' दक्षिण आफ्रिकेतल्या 'साल्ट' दुर्बिणीत भागीदार झाली. तिथले 91 षटकोन एकाच गोलाचे, म्हणून सगळे सारखे आणि स्वस्त; प्रतिमेतला दोष वरच्या सुधारक आरशांनी काढायचा.

तीस मीटरच्या नियोजित दुर्बिणीला ही सवलत नाही. तिचे 492 तुकडे 82 प्रकारांचे आहेत आणि त्यातले काही घासून देण्याचं काम भारताच्या वाट्याला आलंय. मौना केआवर तिचं बांधकाम मात्र स्थानिकांच्या विरोधामुळे 2015 मध्ये थांबलं, ते अजून रखडलेलंच आहे.