सांडग्यांची ओळ आणि पंगतीची ओळ



चैत्र लागला की आमच्या गच्चीवर जुनी लुगडी अंथरली जातात आणि सांडगे घालायला सुरुवात होते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी जागा दिसेल तिथे सांडगे टाकत होते. सासूबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ओळीनं घाल गं. कमी जागेत जास्त बसतात, उलटताना एकही चुकत नाही, आणि पोरांनी पळवले तर लगेच कळतं!"

यंदा सांडगे घालताना हे वाक्य पुन्हा आठवलं आणि मनात आलं, आपलं किती आयुष्य या ओळींनी आखलेलं आहे!

आपण सांगली-कोल्हापूरकडचे जैन बहुतेक शेतकरी, म्हणून आधी शेताचंच सांगते. माझ्या आजीचं कुरीवर फार प्रेम. कुणी तिला तिफण म्हणतं, कुणी पाभर. वर लाकडी चाडं, त्याला नळ्या, खाली फण. पुढे बैल आणि मागे चाड्यावर मूठ धरून चालणारी आजी. मूठ सैल पडली की पेरा दाट, आवळली की विरळ. उगवून आल्यावर सगळं गाव बांधावर उभं राहून बघायचं की यंदा कुणाची मूठ चांगली होती.

आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने पेरणीयंत्र बनवलं ते १७०१ च्या सुमारास, आणि तिकडे त्याचं मोठं कौतुक झालं. मग १७९५ च्या सुमारास हॅलकॉट नावाच्या इंग्रज कॅप्टनने दक्षिण भारतात शेतकऱ्यांना कुरीने पेरताना पाहिलं. तोवर हा युरोपातला नवा शोध आहे असं तो समजत होता. इथले लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसंच पेरत होते. त्याने तसं लिहून विलायतेला कळवलं.

ओळीत पेरण्याचा खरा फायदा मला आजीनेच सांगितला. बी फेकून पेरलं तर तण काढायला बाईला सगळं रान बसून खुरपावं लागतं. ओळीत पेरलं की दोन ओळींमधून बैलांचं कोळपं जातं आणि बाईला फक्त रोपाजवळचं तण काढायचं राहतं. "ओळीनं माझी निम्मी पाठ वाचवली," असं ती म्हणायची. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असायची. ज्वारी निघाली तरी तूर उभी, म्हणजे घरात भाकरीही आणि वरणही.

आता आमच्या रानात ऊस आहे. पूर्वी तीन फुटी सरी असायची, आता पॉवर टिलर जावा म्हणून साडेचार-पाच फुटी सोडतात. सरी रुंद झाली तशा भांगलणीला येणाऱ्या बायका कमी झाल्या. ओळीने पाठ वाचवली आणि पुढे ओळीनेच मजुरीही घालवली. आजी असती तर तिला हे कसं सांगितलं असतं, कोण जाणे.

घरांचंही तसंच. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई कित्येक वर्षं राहिले. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्यांच्या ओळी, एकेक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून.

माझी एक मावशी अशाच चाळीत राहायची. ती सांगायची, "आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो हे सगळ्या मजल्याला पाठ होतं. मला उशीर झाला तर समोरची कोकणातली वहिनी माझ्या पोरांसाठी बिनकांद्याची भाजी वेगळी काढून ठेवायची." दारं समोरासमोर असली की भांडण लपत नाही तसा उपासही लपत नाही.

गावात घरं ओळीनंच होती, पण ती ओळ वेगळी. आमची जैन गल्ली, पलीकडे मराठ्यांची, मग कुंभारांची, आणि महारवाडा-मांगवाडा थेट गावकुसाबाहेर. तिथे ओळीने माणसं जवळ आणली नाहीत, कोण कुठवर यायचं ते ठरवून टाकलं.

आणि हे सगळ्यात जास्त दिसायचं पंगतीत. पंगतीला नियम एकच, सगळ्यांना सारखं पान आणि सारखं वाढप. तरी पहिल्या पंगतीला कोण, शेवटच्या पंगतीला कोण आणि पंगतीत मुळीच कोण नाही, हे न बोलता ठरलेलं.

आपल्याच समाजातल्या एका जोडप्याने ही ओळ मोडली, म्हणून त्यांची आठवण काढते. बाहुबलीला जाताना कुंभोज लागतं ना, तिथे १८८७ साली भाऊराव पाटील जन्मले. शिकायला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका ओळीत जेवायला बसू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण मैत्रिणींनो, त्या ओळीला वाढत कोण होतं? लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली आपल्यासारखीच बाई. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातलं. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांना कर्मवीर म्हणून सगळा महाराष्ट्र ओळखतो. लक्ष्मीबाईंचं नाव आपल्या किती मुलींना माहीत आहे?

हे सगळं मी आज लिहितेय त्याला एक कारण आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे मुलाच्या लग्नाचं जेवण होतं. आमच्या शेतात वीस वर्षं भांगलायला येणाऱ्या बायकांना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. त्या नवी लुगडी नेसून आल्या, ताटं वाढून घेतली आणि परड्यात जाऊन भिंतीकडेला बसल्या. त्यांना तिथे बसा असं कुणीच सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही, हेच माझ्या मनाला लागलं. मी म्हटलं, आत चला, पंगतीत बसा. एकजण म्हणाली, "असू दे वैनी, आमी हितं बऱ्या."

मग मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसले. फार मोठं काही केलं असं मुळीच नाही. उलट बसल्यावर लक्षात आलं की या घरात आल्यापासून मीही कधी पहिल्या पंगतीला बसले नव्हते. वाढणारी मी, शेवटी जेवणारीही मीच. माझं ते अंगवळणी पडलं होतं, तसं परडं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सासूबाई दारातून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने स्वतः जिलेबी घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या ताटात सारखी वाढून गेल्या.

आपल्या मंदिरातली चोवीसी आठवते ना? चोवीस तीर्थंकर ओळीने. लांछन किंवा फणा पाहिल्याशिवाय कोण कोणते ते कळतही नाही. आणि समवसरणात तर बारा कोठ्यांपैकी एक पशुपक्ष्यांचाही असतो. रोज दर्शन घेऊन आपण घरी येतो आणि पंगत मात्र जुनीच मांडतो.

येत्या वास्तुशांतीला मी आधीच सांगून ठेवलंय, पहिली पंगत बायकांची, आणि त्यात शेतावरच्या बायका माझ्या शेजारी. त्या बसतील की पुन्हा "हितं बऱ्या" म्हणतील, ते त्या दिवशी कळेल. तुमच्या घरी शेवटच्या पंगतीला कोण जेवतं, ते मला नक्की कळवा.