पीसी-राइट
डॉस संगणकांवर मजकूर लिहून छापण्यासाठीचा शेअरवेअर शब्दसंस्कारक. मायक्रोसॉफ्टचे आरंभीचे कर्मचारी बॉब वॉलेस यांनी १९८३ मध्ये सिअ‍ॅटलच्या क्विकसॉफ्टतर्फे तो आणला. डिस्कची नक्कल कोणीही काढावी, पटल्यास पैसे भरून नोंदणी करावी, असा रिवाज. आपल्या प्रतीवरून दुसऱ्याने नोंदणी केली, तर नोंदणीकृत ग्राहकाला दलालीही मिळे. लेखन आणि छपाईचे प्रोग्रॅम वेगळे होते. लिहिलेला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राही, आणि अशा फाइलला पान ठाऊकच नसते. ११ इंची कागदावर इंचाला ६ याप्रमाणे ६६ ओळी. त्यांतून समास, शीर्षओळ, पृष्ठांक यांचा हिशेब टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा वाचून छपाईचा प्रोग्रॅम लावी. प्रिंटरागणिक संकेत मात्र निराळे, म्हणून खरी डोकेदुखी प्रिंटर जुळवण्याचीच.