अकरा जण आणि बाकीचे

शाळेचा क्रिकेटचा संघ ढाल जिंकून आला की आपण सारे हर्षभरित होतो. परंतु त्या संघात मुले किती? ११. बाकीची शेकडो मुले मैदानाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवितात, आणि शाळेत खेळ उत्तम चालतात असे आपण समजतो.

हा पेच अमेरिकेतील विद्यापीठांनाही पडला होता. १९१३ साली मिशिगन व ओहायो स्टेट या विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या आपसांतील सामन्यांसाठी स्वतंत्र खाते उघडले. १९१९ मध्ये मिशिगनचे खाते एल्मर मिचेल यांच्याकडे आले. हे गृहस्थ तोवर विद्यापीठाच्या निवडक बास्केटबॉल संघाचे मार्गदर्शक होते. मूठभरांना घडविणारा माणूस बाकीच्यांकडे वळला! १९२५ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. १९२८ मध्ये अ‍ॅन आर्बर येथे खास अशा खेळांसाठी इमारत उभी राहिली.

या नियोजनाचे मर्म साध्या गणितात आहे. ८ तुकड्यांचे सामने बाद पद्धतीने घेतले तर ७ सामन्यांत काम आटोपते. पण पहिल्याच फेरीत ४ तुकड्या घरी बसतात. साखळी पद्धतीत २८ सामने होतात खरे, परंतु प्रत्येक तुकडीला ७ वेळा खेळावयास मिळते. बाद पद्धत नेमक्या कच्च्या मुलांनाच आधी घरी धाडते.

वेळापत्रक आखणे हे आपल्याला कारकुनी काम वाटते; पण कोणी खेळावयाचे आणि कोणी नुसते पाहावयाचे, हे तेथेच ठरते. म्हणून यापुढे शाळेत गेल्यावर आपण कपाटातील ढाली पाहण्याआधी ते वेळापत्रक पाहावयास मागू या.